गुत्तेदाराचा परवाना

गुत्ता म्हटलं की आज आपल्या डोळ्यांसमोर दारूचं दुकान येतं. मूळ शब्दाचा अर्थ मात्र नुसता मक्ता. मराठवाड्यात रस्ते-पूल बांधणाऱ्या कंत्राटदाराला आजही गुत्तेदारच म्हणतात आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. सरकारकडून दारूविक्रीचा गुत्ता घेतला, म्हणून दुकानही गुत्ताच झालं. हा परवाना टिकवण्यासाठी काय काय करावं लागे, हे पाहायचं तर जुन्या ठाणे जिल्ह्याचं उत्तर टोक पाहावं. धाकट्या डहाणूसारखी मच्छीमारांची गावं, ताड-शिंदीची बनं आणि मागे तलासरीकडचा वारली मुलूख.

इथला आदिवासी पूर्वी मोहाची दारू घरीच गाळी. लग्न असो की देवकार्य, तिच्यावाचून पुरं होत नसे. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने हे बंद केलं. दारू गाळायची ती परवान्याच्या भट्टीतच, विकायची ती परवान्याच्या दुकानातच. ताडी काढायची तर झाडागणिक कर. ही व्यवस्था बसवण्यात चार्ल्स प्रिचार्ड या अधिकाऱ्याचा मोठा वाटा होता. तिच्यातली मेख अशी, की विक्रीचा मक्ता घेणाऱ्याने दारूवरच्या करापोटी किमान अमुक रक्कम सरकारला मिळेल, अशी हमी द्यायची. खप कमी पडला तर फरक पदरचा भरायचा.

म्हणजे पाऊस लांबला, पीक बुडालं, गिऱ्हाइकाच्या हाती पैसा नाही, तरी मक्तेदाराचा आकडा तोच. मग तो काय करणार? दारू उधारीवर देणार आणि चोरून गाळणाऱ्याला पकडून देणार. सरकारला फुकटचा पहारेकरी मिळाला. मला तर हा कायदा दारू आवरण्यापेक्षा महसूल आवळण्यासाठीच केलेला दिसतो. १८९२ मध्ये तर ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांसाठी मोहाच्या फुलांवर निर्बंध घालणारा वेगळा कायदाच आला. ही फुलं टंचाईच्या महिन्यांत आदिवासींच्या पोटाला आधार होती. पण घरात फुलं असली की घरात दारू होणार, आणि घरात दारू झाली की गुत्त्यावरचा खप घटणार, असा तो हिशेब.

या हिशेबाला खरा धक्का बसला तो १९२२ मध्ये, आणि तो कुठल्या कायद्याने दिला नाही. पालघरच्या किनाऱ्यावरच्या मच्छीमारांत देवीची शांत करण्याचा एक विधी सुरू झाला. देवी म्हणजे रोगाची, अंगावर फोड आणणारी. अंगात आलेल्या माणसांच्या तोंडून देवी बोलू लागली आणि विधी गावोगाव फिरत उत्तरेला सरकला. गुजरातेत सुरत जिल्ह्यात पोचेपर्यंत आज्ञा स्पष्ट झाल्या होत्या : दारू सोडा, ताडी सोडा, रोज आंघोळ करा, दारूवाल्याच्या कामाला जाऊ नका. डेव्हिड हार्डीमन या इतिहासकाराने या चळवळीचा माग गावोगाव हिंडून काढला आणि १९८७ मध्ये तिच्यावर पुस्तक लिहिलं.

आता दुकानदाराची स्थिती पाहा. परवाना चालू, पण दुकानात गिऱ्हाईकच नाही. गुजरातेतल्या पारशी दारूविक्रेत्यांनी सरकारदरबारी धाव घेतली, काही ठिकाणी लोकांना बळजबरीने ताडी पाजण्यापर्यंत मजल गेली. पुढे पुष्कळ गावं पुन्हा पिऊ लागली, सगळी नव्हे.

तरीही अनेक दारूविक्रेते बुडाले नाहीत, कारण एव्हाना त्यांचा आधार दुकानापुरता राहिला नव्हता. दारूच्या उधारीतून कर्ज, कर्जातून जमीन, जमिनीवर पुन्हा तोच आदिवासी कूळ किंवा वेठबिगार. परवाना दरसाल नवा करावा लागे, जमिनीचं तसं नव्हतं. १९४५ मध्ये तलासरीजवळच्या झरी गावी शामराव आणि गोदावरी परुळेकरांच्या पुढाकाराने वारली वेठीविरुद्ध उभे राहिले, तेव्हा समोर जमीनदार म्हणून जी घराणी होती, त्यांतल्या काहींची सुरुवात गुत्त्यावर झालेली होती.

एप्रिल १९५० मध्ये मुंबई राज्यात संपूर्ण दारूबंदी आली आणि गुत्तेच बंद झाले. ज्याच्याकडे जमीन होती, त्याला दुसरा धंदा होता. झाडावर चढणाऱ्याकडे मात्र कोयता, दोर आणि मडकं एवढीच मिळकत. त्याच्यासाठी नीरेचा परवाना ठेवला गेला. झाड तेच, रसही तोच. मडक्याला आतून चुना लावलेला असला आणि रस पहाटे उतरवला, तर ती नीरा. चुना नसला नि ऊन वर आलं, की तोच रस आंबून ताडी होई आणि तो उतरवणारा गुन्हेगार ठरे.