नीरा खोरे आणि प्रादेशिक नियोजनाचे उच्च शिक्षण : बारामती व इंदापूर तालुक्यांच्या संदर्भात

महाराष्ट्रातील नगर व प्रादेशिक नियोजनाच्या उच्च शिक्षणाचा आरंभ सामान्यतः मुंबईत शोधला जातो. १९१९ मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र व नागरिकशास्त्र विभाग स्थापन झाला आणि त्याची धुरा पॅट्रिक गेडिस यांच्याकडे आली. आराखड्यापूर्वी पाहणी हे त्यांचे सूत्र होते. डोंगरमाथ्यापासून खालपर्यंतचे संपूर्ण नदीखोरे हा त्यांचा अभ्यासघटक होता. १९२४ मध्ये विभाग गो. स. घुर्ये यांच्याकडे गेला व अभ्यासाचा कल जात, कुटुंब आणि संस्कृती यांकडे वळला. नियोजनाचे शिक्षण पुढे वास्तुशास्त्र व अभियांत्रिकीच्या आश्रयाने वाढले. दिल्लीत १९५५ मध्ये त्यासाठी स्वतंत्र संस्था निघाली. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयानेही नगर व ग्राम नियोजनाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम चालविला. या वाटचालीत नकाशा सुधारला, परंतु खोरे मागे पडले, असे म्हणावे लागते.

गेडिस यांच्या कल्पनेतील खोरे पुणे जिल्ह्यात पाहावयाचे तर नीरेकडे वळावे लागते. भोरच्या डोंगरांत उगम पावणारी ही नदी इंदापूर तालुक्यात नरसिंगपूर येथे भीमेस मिळते. १८७६-७७ च्या दुष्काळाच्या पार्श्वभूमीवर नीरा डावा कालवा हाती घेण्यात आला. भाटघरच्या जलाशयावर विसंबलेला हा कालवा पुरंदरमधून बारामती व इंदापूरच्या अवर्षणग्रस्त पट्ट्यात आला. भाटघरचे नवे धरण १९२८ मध्ये पूर्ण झाले. विश्वेश्वरय्या यांनी दख्खनच्या कालव्यांसाठी सुचविलेल्या ब्लॉक पद्धतीत कोणत्या जमिनीला, किती काळ आणि कोणत्या पिकासाठी पाणी द्यावयाचे हे ठरविले जाई. वस्तुतः हे जमीन-वापराचे नियोजनच होते, आणि मुंबई इलाख्याच्या १९१५ च्या नगररचना कायद्यापूर्वीच त्याची मांडणी झाली होती. मात्र ते करणाऱ्यांना कोणी नियोजनकार म्हटले नाही. १९३० च्या दशकात इंदापूर तालुक्यात वालचंदनगर वसले तेही साखर कारखान्याभोवती. त्यानंतर सहकारी कारखान्यांनी वसाहती, रस्ते आणि शाळा यांची जागा ठरविली.

‘प्रदेश’ ही संज्ञा राज्याच्या कायद्यात ठळकपणे आली ती १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमाने. तरीही नियोजनयंत्रणेचे लक्ष महानगराभोवतीच राहिले. २०१५ मध्ये स्थापन झालेल्या पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या क्षेत्रात बारामती व इंदापूर हे तालुके नव्हते.

इंदापूरच्या बाबतीत ही उणीव अधिक बोचते. दक्षिणेकडून नीरेचा कालवा या तालुक्यात येतो, पण तो शेवटाकडचा; उत्तरेकडे १९८० मध्ये पूर्ण झालेल्या उजनी धरणाने भीमाकाठची गावे पाण्याखाली नेली. पळसदेवचे जुने मंदिर जलाशय आटला की आजही दिसते. एकाच तालुक्यात सिंचनाचा लाभ आणि विस्थापन शेजारी नांदतात; त्यांची नोंद मात्र वेगवेगळ्या खात्यांच्या दप्तरांत विखुरते.

अशी पाहणी अशक्य होती असे नाही. धनंजयराव गाडगीळ यांच्या गोखले संस्थेने गोदावरी व प्रवरा कालव्यांच्या प्रत्यक्ष-अप्रत्यक्ष लाभांचा अहवाल १९४८ मध्येच प्रसिद्ध केला होता. तो अर्थशास्त्रज्ञांनी केला आणि अर्थशास्त्राच्या वर्गातच वाचला गेला. नियोजनाच्या विद्यार्थ्याने बारामतीचा विकास आराखडा हाती घेण्यापूर्वी नीरेच्या कालव्याचे दप्तर आणि उजनीच्या पुनर्वसनाच्या याद्या एका टेबलावर मांडल्या, तर गेडिस यांची पाहणी शंभर वर्षांनी या खोऱ्यात सुरू होईल.