पाळणाघराची गणना : उल्हासनगर-अंबरनाथ-बदलापूर पट्ट्याच्या संदर्भात

मध्य रेल्वेवरील उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ही गावे आज सलग वस्तीसारखी भासत असली, तरी त्यांच्या वाढीची कारणे भिन्न आहेत. अंबरनाथला आगपेट्यांच्या, रसायनांच्या व पुढे शस्त्रास्त्रांच्या कारखान्यांनी रूप दिले. उल्हासनगर दुसऱ्या महायुद्धातील लष्करी छावणीच्या जागी, फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांनी उभे केले. १९४९ च्या ऑगस्टात त्याला हे नाव मिळाले. बदलापूर वाढले ते मुख्यतः मुंबईत घर न परवडणाऱ्या नोकरदारांमुळे. म्हणजे कारखान्यातले काम, घरात बसून केलेले काम आणि दूरच्या कचेरीतले काम असे स्त्रियांच्या अर्थार्जनाचे तीनही प्रकार येथे शेजारी शेजारी आढळतात. तान्ह्या मुलाच्या आईचा भार कोणी वाहावा, या प्रश्नाचा इतिहास तपासण्यास हा पट्टा म्हणूनच उपयुक्त आहे.

या इतिहासाचा आरंभ मुंबई प्रांतातच होतो. १९२९ चा मुंबई प्रसूतिलाभ कायदा हा हिंदुस्थानातील अशा प्रकारचा पहिला कायदा होय. त्याच्या विधेयकावर १९२८ साली मुंबई विधिमंडळात बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दोन गोष्टी मांडल्या. प्रसूतीच्या आधी व नंतर आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, ही पहिली. आणि हित राष्ट्राचे असल्याने त्याचा भार बव्हंशी सरकारने उचलावयास हवा, ही दुसरी. कायद्याने पहिली गोष्ट मान्य केली. दुसरी मात्र मान्य झाली नाही, व खर्च मालकाच्या माथी पडला.

या निवडीचा परिणाम दूरगामी झाला. स्त्री कामावर ठेवली की खर्च वाढतो, असा हिशेब मालकाला करता येऊ लागला. १९४८ च्या राज्य कामगार विमा कायद्याने हा दोष काही अंशी दूर केला. तेथे मालकाची वर्गणी कामगारांच्या वेतनावर ठरे, त्यात स्त्रिया किती हे पाहिले जात नसे. परंतु त्याच वर्षीच्या कारखाने कायद्याने सहा वर्षांखालील मुलांसाठी पाळणाघर ठेवण्याची सक्ती केली, ती पन्नासांहून अधिक स्त्रिया कामावर असतील तेथेच. १९७६ मध्ये ही मर्यादा तीसवर आणण्यात आली. मर्यादा कमी झाली, पण गणना स्त्रियांचीच राहिली. स्त्रियांची संख्या मर्यादेच्या आत ठेवली की पाळणाघर टळते, ही पळवाट तशीच उघडी होती. १९६१ च्या प्रसूतिलाभ कायद्यात २०१७ साली झालेल्या दुरुस्तीने प्रथमच गणनेचा पाया बदलला. पन्नास वा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत, मग ते स्त्रिया असोत वा पुरुष, पाळणाघर आवश्यक ठरले, आणि भरपगारी रजा बारा आठवड्यांवरून सव्वीस आठवड्यांवर गेली. मात्र ह्या वाढीव रजेचा खर्च, विमा योजनेबाहेरील आस्थापनांत, पुन्हा मालकाकडेच राहिला.

आता हे कायदे आपल्या पट्ट्यावर ठेवून पाहू. अंबरनाथच्या मोठ्या कारखान्यात ते लागू पडतात. लहान कारखान्यात संख्येअभावी पाळणाघराचे कलम गळून पडते. उल्हासनगरात पापड लाटणारी स्त्री किंवा जीन्सच्या लहान कारखान्यातून काम घरी आणणारी स्त्री कोणत्याच हजेरीपटावर नसते. तिला नगावर किंवा वजनावर मोबदला मिळतो. तिचे काम व्यवहारात अर्धवेळ म्हटले जाते; वस्तुतः मूल झोपले की काम आणि मूल उठले की खंड, असा तो दिवसभर विखुरलेला पूर्णवेळच असतो. बदलापूरच्या नोकरदार स्त्रीची अडचण वेगळी आहे. पाळणाघर कामाच्या जागी असावे, हे कायद्याचे गृहीत चाळीपासून हाकेच्या अंतरावर गिरणी होती तेव्हाचे आहे. मुंबईपासून लोहमार्गाने सुमारे ६८ किलोमीटरवर राहणारी आई तान्हे मूल घेऊन गर्दीच्या लोकलमध्ये कशी चढणार? कचेरीत पाळणाघर असले तरी तिला ते नसल्यासारखेच. ती मूल ठेवते ते शेजारच्या घरी, आणि त्याचे पैसे स्वतःच्या पगारातून देते. सांभाळणारी शेजारीणही बहुधा घरबसल्या काम करणारीच असते. म्हणजे एका स्त्रीची नोकरी दुसरीच्या अनोंदित श्रमावर उभी राहते.

येथे शब्दांची साक्षही महत्त्वाची आहे. ‘अंगणवाडी’ हा शब्द ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांच्या तत्कालीन ठाणे जिल्ह्यातील कार्याशी निगडित आहे. १९७५ साली एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि तो देशभर गेला. परंतु त्या योजनेने सेविकेला ‘वेतन’ न देता ‘मानधन’ दिले. वेतन हा हक्क असतो, मानधन हा गौरव असतो; मुले सांभाळणे ही सेवा मानली गेली, काम नव्हे, हे या एका शब्दावरून दिसते.

डॉ. आंबेडकरांची दुसरी सूचना कायद्यात आली ती २०१३ साली. अन्नसुरक्षा कायद्याने, सरकारी व तत्सम नोकरीतील स्त्रिया वगळता, गरोदर स्त्रीला किमान ६,००० रुपयांचा हक्क नोकरीची अट न घालता दिला. २०१७ च्या मातृवंदना योजनेत प्रत्यक्षात ५,००० रुपये, तेही पहिल्या अपत्यापुरते, मिळू लागले. २०२२ पासून दुसरे अपत्य मुलगी असल्यास ६,००० रुपयांची तरतूद झाली. एकीकडे सव्वीस आठवड्यांचा पगार, दुसरीकडे ही रक्कम, एवढे अंतर एकाच रेल्वेमार्गावरील दोन मातांमध्ये राहते. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेने घरी काम करणारीला असंघटित कामगारांच्या व्याख्येत स्थान दिले आहे. पण तिच्या प्रसूतिलाभाची गोष्ट पुढे आखावयाच्या योजनांवर सोपवली आहे.

तात्पर्य, या कायद्यांचा विकास रजेच्या आठवड्यांवरून मोजण्याची प्रथा अपुरी आहे. कायदा कोणाची गणना करतो, हे पाहिले पाहिजे. प्रथम त्याने स्त्रिया मोजल्या, नंतर कर्मचारी मोजले. मूल मात्र वर पाहिलेल्या कायद्यांनी मोजलेले नाही. ज्या दिवशी पाळणाघर आस्थापनेच्या संख्येवर न ठरता वस्तीतील मुलांच्या संख्येवर ठरेल, त्या दिवशी उल्हासनगरची पापड लाटणारी आणि बदलापूरची कारकून या दोघी एकाच कायद्याच्या कक्षेत येतील.