बेक्वे : देवमाशांच्या शिकारीपासून यॉटपर्यंत

कॅरिबियन समुद्रातले बेक्वे बेट सेंट व्हिन्सेंटची राजधानी किंग्सटाउनच्या दक्षिणेस सुमारे 15 किलोमीटरवर आहे. क्षेत्रफळ जेमतेम 18 चौरस किलोमीटर, वस्ती पाचएक हजारांची. बेटावर एकही नदी नाही. पिण्याचे पाणी म्हणजे छपरांवरून टाक्यांत साठवलेला पाऊस. निसर्गाने दिले ते बंदर मात्र अव्वल. व्यापारी वारे पूर्वेकडून वाहतात आणि अ‍ॅडमिरल्टी बेचे तोंड पश्चिमेला, त्यामुळे डोंगराच्या आडोशाला जहाजे निवांत नांगर टाकतात. हा आडोसा चाच्यांनाही ठाऊक होता. ब्लॅकबिअर्डने 1717 साली ‘ला कॉन्कॉर्ड’ हे गुलामवाहू फ्रेंच जहाज पकडून इथेच आणले, त्यावरच्या फ्रेंच खलाशांना किनाऱ्यावर उतरवले आणि पुढे त्या जहाजाचे नाव ‘क्वीन अ‍ॅन्स रिव्हेंज’ ठेवले.

1763च्या पॅरिस तहाने सेंट व्हिन्सेंट आणि त्यालगतची ही बेटे इंग्रजांकडे गेली. उसाचे मळे आले, त्यांवर राबायला आफ्रिकेतून गुलाम आणले गेले. 1838 साली गुलामगिरी पुरती संपली, पुढे साखरेचा धंदाही बसला. मळेवाल्यांनी अंग काढून घेतल्यावर मागे राहिलेल्यांना समुद्राशिवाय दुसरा आधार उरला नाही. बेक्वेचा खरा इतिहास इथून सुरू होतो असे म्हटले तर फारसे चुकणार नाही.

विल्यम वॉलेस हा इथलाच तरुण न्यू इंग्लंडच्या देवमासे मारणाऱ्या जहाजांवर काम शिकून परतला आणि 1875-76च्या सुमारास त्याने फ्रेंडशिप बेमध्ये स्वतःचा धंदा उभारला. ऑलिव्हिएर घराण्याने तो पुढे नेला. दोन्ही टोकांना निमुळती, आठएक मीटर लांबीची शिडाची होडी, हाताने फेकायचा हारपून आणि सहा माणसे, एवढाच सरंजाम. फेब्रुवारी ते एप्रिल या काळात हंपबॅक जातीचे देवमासे या पाण्यात येतात. टेकडीवरच्या टेहळ्याला मासा दिसला, की तो आरशाच्या तिरिपेने होडीला खूण करी. मारलेला मासा पेती नेविस या शेजारच्या निर्जन बेटावर ओढून नेत. तिथे तेल काढले जाई आणि मांसाची वाटणी होई.

या होड्या आणि पुढे मोठी गलबते बांधली गेली ती थेट वाळूत. नकाशे नव्हते, नजरेच्या अंदाजाने कणा ठेवायचा, बेटावरच्याच व्हाइट सीडरच्या वाकड्या फांद्यांतून फासळ्या निवडायच्या. जहाज पाण्यात लोटण्याच्या दिवशी दोर ओढायला सारे गाव लोटे, धर्मगुरू आशीर्वाद देई, रम आणि जेवण होई. रेजिनाल्ड मिचेल यांनी बांधलेली ‘ग्लोरिया कोलिता’ ही 50 मीटरची शिडाची बोट या कसबाचा कळस. 1939 साली ती पाण्यात उतरली. दुसऱ्याच वर्षी ती मेक्सिकोच्या आखातात भरकटताना सापडली, पण तिच्यावर एकही माणूस नव्हता. मिचेलही गेले. त्यांचा मुलगा जेम्स पुढे देशाचा पंतप्रधान झाला.

मिचेल घराण्याच्या किनाऱ्यावरच्या घरात 1960च्या दशकात फ्रॅन्जिपानी हॉटेल सुरू झाले. याच सुमारास युरोप-अमेरिकेचे हौशी दर्यावर्दी इथे मुक्काम करू लागले. त्यांना सापडले ते काही रिकामे, अस्पर्श बेट नव्हते. शीड शिवणारा, डोलकाठी दुरुस्त करणारा, खडकांची खडा न् खडा माहिती असलेला समाज तयार होता, आणि पाहुण्यांची सोय झाली ती त्याच्या जोरावर. होड्या बांधणाऱ्या हातांनी त्यांच्या लाकडी प्रतिकृती करून विकायला घेतल्या. मच्छीमारांनी उतारूंना यॉटवरून किनाऱ्यावर नेण्याआणण्याचे काम घेतले. एका किनाऱ्याला प्रिन्सेस मार्गारेटचे नाव पडले. ती 1958च्या दौऱ्यात तिथे पोहली असे सांगतात. वाळूची मालकी जुन्या धंद्यांकडून नव्याकडे सरकली, तरी पॅगेट फार्मच्या वस्तीत आजही मासेमारीच मुख्य आहे. ईस्टरच्या शर्यतींत यॉटबरोबर गावातल्या शिडाच्या होड्याही धावतात, आणि चुरस असते ती होड्यांचीच.

देवमाशांची शिकार अजून पुरती थांबलेली नाही. आंतरराष्ट्रीय देवमासेमारी आयोगाने तिला स्थानिक उपजीविकेची शिकार मानून 2019 ते 2025 या काळासाठी एकूण 28 माशांची मर्यादा घातली होती. प्रत्यक्षात मासे कमी मिळतात, काही हंगाम कोरडे जातात. पर्यावरणप्रेमी तिला विरोध करतात. वर्षाला हजारो देवमासे मारणाऱ्या कारखानदारी जहाजांची ती कधीच नव्हती, हा शिकाऱ्यांच्या बाजूचा मुद्दा मात्र दुर्लक्षण्याजोगा नाही.

1992 साली विमानतळ झाला. तरीही बेटावर येणारे बहुतेक लोक आजही किंग्सटाउनहून तासाभराच्या फेरीबोटीने किंवा स्वतःच्या यॉटने समुद्रमार्गेच येतात. फ्रेंडशिप बेच्या वाळूत बांधलेली, 1969 साली पाण्यात उतरलेली आणि वर्षानुवर्षे टपाल, माणसे, माल वाहणारी ‘फ्रेंडशिप रोझ’ ही शिडाची बोट आता पर्यटकांना टोबेगो केजच्या प्रवाळांकडे नेते.