मूकपटातली माणसं पळत का असतात?



पीएच.डी.ला प्रवेश घ्यायचा म्हणून तुमच्यापैकी बरेच जण 'संशोधन प्रश्न कसा शोधायचा' असं विचारतात. आज त्याचं उत्तर सिनेमातून देतो. मला सिनेमाचं वेड आहे आणि माझी मतंही तयार असतात. त्यातलं एक मत दिवाळीत घरी, देऊळघाटला, पार आडवं झालं.

घरच्यांना मोबाइलवर दादासाहेब फाळक्यांच्या 'राजा हरिश्चंद्र'चा उपलब्ध भाग दाखवत होतो. सगळी पात्रं तुरुतुरु धावताना बघून चुलत भावंडं हसायला लागली. मीही माझं ठरलेलं मत ऐकवलं: "तेव्हा अभिनय असाच असायचा, झटक्याझटक्यांचा. त्यापेक्षा 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' बघा, किती सहज आहे!" तेवढ्यात आबांनी विचारलं, "काय रे, तवाचे मानसं चालत नोते काय? सारेच पयत होते?"

मला उत्तर देता आलं नाही. मी एम.एस्सी. झालेला माणूस, पण हा प्रश्न कधी पडलाच नव्हता.

रात्री वही घेऊन बसलो. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमात लागलेला हा चित्रपट सुमारे ३,७०० फूट लांबीचा, चार रिळांचा होता. ३५ मिमी फिल्मच्या एका फुटात १६ फ्रेम मावतात. म्हणजे झाल्या ५९,२०० फ्रेम. मूकपटाच्या काळात कॅमेरा हातानं फिरवायचे. वेग नक्की नसे, पण सेकंदाला १६ फ्रेम धरू. चित्रपट चालतो ३,७०० सेकंद, म्हणजे जवळपास ६२ मिनिटं. पुढे बोलपट आले. आवाज बिघडू नये म्हणून वेग एकसारखा ठेवणं भाग पडलं आणि २४ फ्रेम हे प्रमाण रुजलं. तीच जुनी फिल्म २४ नं चालवली की संपते ४१ मिनिटांत. माणसं दीडपट वेगानं चालू लागतात. म्हणजे ज्याला मी 'तेव्हाचा अभिनय' म्हणत होतो, त्यातला बराचसा भाग आपल्या यंत्राचा होता.

गंमत बघा, फाळक्यांना हे गणित पक्कं ठाऊक होतं. 'राजा हरिश्चंद्र'च्या आधी त्यांनी कुंडीतल्या वाटाण्याचं रोप वाढताना थोड्या थोड्या फ्रेम घेऊन टिपलं आणि कित्येक दिवसांची वाढ काही क्षणांत दाखवली. त्यांनी वेळ मुद्दाम आकसली होती. आपण ती नकळत आकसतो आणि वर त्यांनाच हसतो.

आता 'हरिश्चंद्राची फॅक्टरी'. परेश मोकाशींचा हा २००९ चा चित्रपट मला आजही आवडतो. पण त्याचाही एक 'वेग' आहे. फाळक्यांची काही वर्षांची ओढाताण तो दीड-पावणेदोन तासांत, हसत-खेळत सांगतो. तो त्याचा हक्कच आहे. चूक माझी होती. फाळके कसे असतील ते मी या चित्रपटावरून ठरवलं आणि त्यांचा चित्रपट कसा होता ते चुकीच्या वेगाच्या फाइलवरून. आणखी एक गोष्ट: फाळक्यांनी १९१७ मध्ये हीच कथा पुन्हा चित्रित केली होती. आज जो भाग आपण १९१३ चा म्हणून बघतो, तो १९१७ चा असावा, असं काही अभ्यासकांचं म्हणणं आहे. म्हणजे मी नेमकं कशावर मत देत होतो, हेही मला माहीत नव्हतं!

हे सगळं छंदापुरतं राहिलं असतं, तर इथे लिहिलं नसतं. दिवाळीनंतर प्रयोगशाळेत गेलो आणि पोटात गोळा आला. मी साधारण ३० सेंमीवरून पडणाऱ्या थेंबांचं चित्रण करत होतो. अशा थेंबाचा वेग खाली पोचताना सेकंदाला सुमारे २.४ मीटर हवा. माझ्या तक्त्यात होता ०.३. त्यासाठी मी हवेच्या रोधाचं लांबलचक स्पष्टीकरणही लिहून ठेवलं होतं! प्रत्यक्षात कॅमेरा २४० फ्रेमनं टिपत होता, फाइल ३० नं चालत होती आणि वेळ मी फाइलची धरली होती. बरोबर आठपट चूक. सहा आठवड्यांचे तक्ते पुन्हा केले. मार्गदर्शकांना सांगताना मान खाली होती, पण प्रबंधात जाण्याआधी सापडलं हे नशीब.

तेव्हा मित्रांनो, मतं जरूर असू द्या. मताशिवाय कुतूहल कुठून येणार? फक्त मत मांडण्याआधी विचारा: ही गोष्ट माझ्यापर्यंत कोणत्या यंत्रातून, कोणाच्या हातातून, किती वेगानं आली? याचं उत्तर शोधायला लागलात की संशोधन प्रश्न तुम्हाला आपोआप सापडेल.

आबांना फोन करून सांगितलं, "आबा, माणसं चालतच होती." ते म्हणाले, "मंग? मी काय म्हनत होतो?"