ओवीचे देशांतर

इ. स. १५६० नंतरच्या दशकात पोर्तुगीजांनी साष्टीतील देवालये उद्ध्वस्त केली. भाविकांनी अनेक देवमूर्ती नदीपार अंत्रुज महालात नेल्या. त्याच साष्टीतील रायतूर येथे १६१६ साली एक मराठी पुराण छापून निघाले. ‘क्रिस्तपुराणा’चा कर्ता फादर थॉमस स्टीफन्स हा १५७९ मध्ये गोव्यात आलेला इंग्रज जेझुइट होता. विषय बायबलातील कथांचा, घाट मात्र ओवीचा. नागरी टंकाअभावी लिपी रोमी झाली. परधर्माच्या प्रचारकालाही या भूमीच्या अंतःकरणात शिरावयास ओवीवाचून वाट सापडली नाही.

पुढे १६८४ च्या फर्मानाने लोकभाषेवरच बंदी घातली. त्या छापील पुराणाची एकही प्रत आज ज्ञात नाही. तथापि दक्षिणेस मंगळूरकडे स्थिरावलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी हस्तलिखिते जपली व त्यांवरून १९०७ मध्ये मंगळूर येथे ग्रंथ पुन्हा छापला गेला.

मूर्ती नेणारे आणि पोथी जपणारे यांचे दैवत निराळे. परंतु परमुलखात काय सांभाळावे, हे दोघांनाही सारखेच उमगले होते. मूर्तीस अंत्रुजात नवे देवालय लाभले. भाषेचे देवालय म्हणजे वाचणारे घर. ते प्रत्येक पिढीस नव्याने उभारावे लागते.