तेरीयाकीची तकाकी

जपानच्या पुराणकथांत एक प्रसंग येतो. भावाच्या उच्छृंखल वर्तनाला विटून सूर्यदेवता आमातेरासू एका गुहेत जाऊन बसली आणि सारे जग काळोखात बुडाले. तिला बाहेर आणण्यासाठी देवांनी नाना उपाय योजिले. कोंबडे जमवून त्यांना आरवावयास लावणे हा त्यांतलाच एक उपाय होता. इ. स. ७१२ मध्ये सिद्ध झालेल्या 'कोजिकी' या ग्रंथात ही कथा आलेली आहे. पहाटेची द्वाही फिरविणारा हा पक्षी जपानी मनाला प्रकाशाचा भालदार वाटत आला, तो या कथेच्या आधाराने. आमातेरासू या नावाचा अर्थ 'आकाशात तळपणारी' असा आहे. ते नाव लिहिताना तळपण्यासाठी जे चिन्ह वापरतात, तेच चिन्ह 'तेरीयाकी' या पदार्थाच्या नावातही आहे. 'तेरी' म्हणजे तकाकी आणि 'याकी' म्हणजे भाजणे. ज्या पक्ष्याने सूर्याला हाक घातली, तोच पुढे तकाकी लेऊन ताटात आला, हा इतिहासातला एक विलक्षण योगायोग होय. परंतु देवळापासून ताटापर्यंतची ही वाट सरळ नव्हती. ती चालावयास हजाराहून अधिक वर्षे लागली आणि तिचा बराचसा भाग जपानच्या बाहेरून गेला.

या वाटेवरचा पहिला अडसर राजाज्ञेचा होता. इ. स. ६७५ मध्ये सम्राट तेम्मू याने गाय-बैल, घोडा, कुत्रा, माकड व कोंबडी या पाच प्राण्यांचे मांस खाण्यास मनाई केली. ही मनाई वर्षभराची नव्हती. ती चौथ्या महिन्याच्या आरंभापासून नवव्या महिन्याच्या अखेरपर्यंत, म्हणजे शेतीच्या हंगामापुरती होती. आपल्याकडील चातुर्मासाची आठवण व्हावी, असाच हा प्रकार. बौद्ध धर्माचा अहिंसाविचार तिच्यामागे होता, आणि नांगराला जुंपावयाची जनावरे वाचविण्याचा व्यवहारही होता. हरीण व रानडुक्कर मात्र या यादीत नव्हते. पुढे असे निर्बंध वेळोवेळी निघत गेले. सतराव्या शतकाच्या अखेरीस त्सुनायोशी या शोगुनाने प्राणिमात्रांवरील दयेचे हुकूम इतके कडक केले, की लोक त्याला 'कुत्र्यांचा शोगुन' म्हणू लागले. १७०९ मध्ये तो वारला आणि ते हुकूमही मागे घेण्यात आले. जपानी माणूस या सर्व काळात पूर्ण शाकाहारी होता, असे मात्र समजू नये. मासे तो रोजच खात होता, रानातली शिकारही करीत होता. परंतु घरी पाळलेल्या जनावराचे मांस खाणे हे अशुद्ध, ही भावना समाजात खोल रुजली.

अशा या देशात सोळाव्या शतकात पश्चिमेचे पाहुणे उतरले. १५४३ मध्ये पोर्तुगीज व्यापारी तानेगाशिमा बेटावर आले. १५४९ च्या एप्रिलमध्ये फ्रान्सिस झेवियर यांनी गोव्याहून प्रस्थान ठेवले आणि ऑगस्टमध्ये ते कागोशिमाला पोहोचले. १५७१ पासून नागासाकी बंदर पोर्तुगीज जहाजांना खुले झाले. गोवा, मलाक्का, मकाव व नागासाकी असा तो सागरी मार्ग होता, आणि त्या मार्गाने बंदुका व धर्मग्रंथ यांच्याबरोबर स्वयंपाकघरातल्या गोष्टीही गेल्या. 'कास्तेरा' हा अंड्यांचा केक आणि 'कोम्पेइतो' ही साखरेची मिठाई ही त्यांपैकीच. आज अस्सल जपानी म्हणून गाजणाऱ्या 'तेम्पुरा'चे नावही पोर्तुगीज शब्दावरून आले असे मानतात. १६३९ मध्ये पोर्तुगीजांना जपानातून हाकलण्यात आले, परंतु जिभेला लागलेली चव हाकलता आली नाही. १६४३ च्या 'र्योरी मोनोगातारी' या पाकशास्त्रावरील ग्रंथात कोंबडी व मुळा एकत्र शिजविण्याची एक कृती 'नानबान', म्हणजे 'दक्षिणेकडील परक्यांचा' पदार्थ या नावाने दिलेली आढळते. कोंबडी स्वयंपाकघरात शिरली, ती अशी परक्याच्या नावाने.

तेरीयाकीचा प्राण मात्र कोंबडीत नाही, तो तिच्यावरच्या रसात आहे, आणि तो रस ही एदो काळाची, म्हणजे १६०३ ते १८६८ या कालखंडाची देणगी होय. त्या रसाची तीन अंगे आहेत. पहिले 'शोयू'. शिजविलेले सोयाबीन व भाजून भरडलेला गहू यांवर कोजी नावाची बुरशी वाढवितात, मग ते मिश्रण मिठाच्या पाण्यात कित्येक महिने आंबवितात आणि पिळून काढतात. तो काळसर, खारट द्रव म्हणजे शोयू. युरोपीय भाषांतला 'सोया' हा शब्द याच शोयूवरून आला. एदोच्या, म्हणजे आजच्या टोकियोच्या, पूर्वेस चोशी व नोदा ही गावे या धंद्यासाठी प्रसिद्धीस आली. तोने व एदो या नद्यांतून पिंपांनी भरलेल्या होड्या राजधानीत येत. नोदा येथील मोगी, ताकानाशी व होरिकिरी या घराण्यांनी १९१७ मध्ये एकत्र येऊन जी कंपनी स्थापिली, तीच आजची किक्कोमान. दुसरे अंग 'मिरिन'. चिकट तांदळापासून केलेले हे गोड मद्य आरंभी पिण्यासाठी होते, पुढे ते चुलीजवळ आले. तिसरे अंग 'साके', म्हणजे तांदळाचेच मद्य. त्याने उग्र वास मरतो. साखर हे चौथे अंग बराच काळ केवळ श्रीमंतांच्या आवाक्यातले होते.

हा रस एदोच्या लोकांनी कोंबडीला लावला नाही. वाम मासा चिरून, सळईला लावून, निखाऱ्यावर भाजताना तो पुन्हा पुन्हा या गोड-खारट रसात बुडविण्याची 'काबायाकी' नावाची रीत तेथे लोकप्रिय झाली. तेरीयाकी ही तिचीच सख्खी बहीण. तिच्यात 'बुरी'सारखे तेलकट मासे भाजत. आजही जपानातील जुन्या वळणाच्या गृहिणीला तेरीयाकी म्हटले की प्रथम आठवतो तो मासाच.

मांसाचा अडसर दूर झाला तो मेइजी काळात. पाश्चात्त्य राष्ट्रांच्या बरोबरीने उभे राहावयाचे, तर त्यांच्यासारखा आहार हवा, असे राज्यकर्त्यांना वाटू लागले. १८७२ च्या जानेवारीत खुद्द सम्राट मेइजी मांस घेऊ लागल्याची वार्ता प्रसिद्ध झाली. बाराशे वर्षांचा संकेत एका बातमीने मोडला. परंतु संकेत मोडतो तेव्हा कोणाचे तरी काळीज फाटते. पुढच्याच महिन्यात पर्वतपूजक तपस्व्यांची एक टोळी राजवाड्यात शिरण्याचा प्रयत्न करू लागली. मांसाहाराने देश भ्रष्ट होत आहे, देव देश सोडून जात आहेत, असे त्यांचे म्हणणे होते. पहारेकऱ्यांनी गोळ्या झाडल्या आणि त्यांतले काही तेथेच पडले. घासभर मांसापायी माणसांनी प्राण दिले, हे आज कोणाला नवल वाटेल. आहार ही केवळ पोटाची बाब नाही, हे ज्या समाजाला ठाऊक आहे, त्याला ते वाटणार नाही.

त्यानंतर गोमांसाच्या खानावळी थाटल्या गेल्या. कोंबडी मात्र पुष्कळ काळ महागच राहिली. गरिबांना परवडत ती तिची काळिजे, आतडी व कूर्चा. ती सळईला लावून भाजणारे 'याकितोरी'चे ठेले रस्तोरस्ती दिसू लागले. सबंध कोंबडी सामान्यांच्या घरात आली ती दुसऱ्या महायुद्धानंतर. १९५० व १९६० च्या दशकांत अमेरिकेतून आलेल्या झपाट्याने वाढणाऱ्या जातींनी तिची किंमत खाली आणली, आणि त्याच सुमारास शेगडीच्या जागी गॅसची चूल व पसरट तवा आला.

परंतु तोवर तेरीयाकी समुद्र ओलांडून गेली होती. १८८५ च्या फेब्रुवारीत सरकारी कराराने नेलेल्या नऊशेंहून अधिक जपान्यांचा पहिला जथा हवाई बेटांवर उतरला. १८९४ पर्यंत असे सुमारे २९,००० लोक गेले. तीन वर्षांचा करार, उसाच्या मळ्यात दिवसाचे दहा तास काम, महिना ९ डॉलर मजुरी व अन्नासाठी ६ डॉलर, असा तो सौदा होता. मजुराची ओळख नावाने नसे. 'बांगो' नावाचा क्रमांकाचा बिल्ला त्याच्या गळ्यात असे. अशा माणसाजवळ आपले म्हणावे असे काय उरते? भाषा, देव आणि जेवणाचा डबा. त्या डब्यात शोयूला हवाईच्या भूमीने नवे सोबती दिले. मिरिनच्या जागी साखर आली, शेजारच्या चाळींतून आले-लसूण आले, पुढे अननसाचा रसही आला. मायदेशी जी साखर श्रीमंताघरची वस्तू होती, ती येथे ज्या हातांनी ऊस तोडला त्याच हातांच्या डब्यात उतरली. दुपारच्या सुट्टीत चिनी, पोर्तुगीज, फिलिपिनो व जपानी मजूर एकमेकांच्या डब्यांतले घास वाटून घेत. माशांऐवजी गोमांस व कोंबडी या रसात पडू लागली, ती अशा मिश्र पंक्तीत.

या लोकांची मुले अमेरिकेत जन्मली आणि तेथील नागरिक झाली. तरीही १९४१ च्या डिसेंबरात जपानने पर्ल हार्बरवर हल्ला केला, तेव्हा त्या नागरिकत्वाला काही किंमत उरली नाही. १९ फेब्रुवारी १९४२ रोजी राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी एका हुकुमावर सही केली आणि पश्चिम किनाऱ्यावरील सुमारे १,२०,००० जपानी वंशाच्या लोकांना घरदार सोडून तारेच्या कुंपणात जावे लागले. त्यांतले सुमारे दोन-तृतीयांश जन्माने अमेरिकन होते. कोणावरही खटला नव्हता. कॅलिफोर्नियाच्या वाळवंटातील मॅन्झनारच्या छावणीत सरकारी शिध्यावर दिवस काढताना स्थानबद्धांनी तेथेच शोयू व तोफू तयार करावयास घेतले. शत्रूची म्हणून जी चव संशयास्पद ठरली होती, तीच त्यांनी पहारेकऱ्यांच्या बंदुकीखाली पुन्हा आंबविली. १९८८ मध्ये अमेरिकन सरकारने कायद्याने क्षमा मागितली आणि हयात असलेल्या प्रत्येकास २०,००० डॉलर देऊ केले. तोवर त्यांपैकी अनेकजण जगात नव्हते.

इतिहासाचा उपरोध असा, की ज्यांना कुंपणात कोंडले त्यांचीच चव थोड्याच वर्षांत साऱ्या अमेरिकेने आपली म्हटली. १९५७ मध्ये किक्कोमान कंपनीने सॅन फ्रान्सिस्कोला शाखा उघडली. १९६१ मध्ये अमेरिकन गिऱ्हाइकांसाठी 'तेरीयाकी सॉस' बाटलीत भरून बाजारात आणला. १९७६ मध्ये तोशिहिरो कासाहारा यांनी सिएटल शहरात एक छोटे उपाहारगृह काढले आणि तेथून कोंबडीची तेरीयाकी त्या शहराचे रोजचे जेवण होऊन बसली. पुढे तसली दुकाने चालविणाऱ्यांत कोरियन स्थलांतरितांचा भरणा झाला. १९७३ मध्ये जपानातील मोस बर्गर या कंपनीने तेरीयाकीचा बर्गर विकावयास आरंभ केला आणि दूरदेशी गेलेली लेक नव्या पेहरावात माहेरी आली.

आता घरगुती कृतीकडे पाहावे. जपानी गृहिणी कोंबडीच्या मांडीचे हाड काढते, कातडी ठेवते व तिला काट्याने टोचे मारते. पसरट तव्यात, तेल न घालता किंवा थेंबभर घालून, कातडीची बाजू खाली ठेवून मंद आचेवर मांस भाजते. कातडीतली चरबी वितळते आणि तीत ती खमंग होते. मग बाजू उलटून मांस आतपर्यंत शिजू देते, सुटलेली चरबी पुसून टाकते आणि शेवटी रस ओतते. दोन मांड्यांना शोयू, मिरिन व साके प्रत्येकी दोन मोठे चमचे आणि साखर एक चमचा, हे सर्वसाधारण प्रमाण. मद्य वर्ज्य असल्यास साखर थोडी वाढवून पाणी घालतात. रस आधी ओतावयाचा नाही, कारण साखर करपते आणि मांस कच्चे राहते. उकळताना बुडबुडे प्रथम बारीक असतात. ते मोठे व संथ झाले, एकतारी पाकासारखा रस चमच्याला चिकटू लागला, की तव्यातला रस चमच्याने वरून पुन्हा पुन्हा घालीत राहावे. साखर व शोयूतील नत्रयुक्त द्रव्ये उष्णतेने एकमेकांशी संयोग पावतात. १९१२ मध्ये माइयार या फ्रेंच शास्त्रज्ञाने वर्णिलेली क्रिया ती हीच. तिनेच रंग व खमंगपणा येतो, आणि आटलेल्या पाकाने तकाकी येते. ती दिसली की तवा उतरावा. क्षणभर उशीर झाला तर तकाकीचा कोळसा होतो.

मग खरी तेरीयाकी कोणती? एदोतल्या निखाऱ्यावरची माशाची, हवाईच्या डब्यातली अननसाची, की सिएटलच्या तव्यावरची कोंबडीची? जुन्या जाणत्यांचा कौल पहिलीला मिळेल, आणि नावाचा मान तिचाच आहे. परंतु उरलेल्या दोघींना भेसळ म्हणून झिडकारणे न्यायाचे होणार नाही. घर सोडून गेलेला समाज मूळ पदार्थ जसाच्या तसा बरोबर नेऊ शकत नाही. तो त्याची आठवण नेतो, आणि परक्या भूमीत जे हाती लागेल त्यातून ती उभी करतो. तिच्यात बदल होतो म्हणूनच ती जगते. मॅन्झनारच्या छावणीत शोयू आंबविणाऱ्यांना आपण अस्सल आहोत की नाही, हा प्रश्न पडला नसावा. त्यांना एवढेच ठाऊक होते, की काळोखात बसलेल्या माणसाला बाहेर आणावयाचे, तर कोणीतरी हाक घालावी लागते. पुराणातल्या देवांनी ती कोंबड्याकडून घातली. या माणसांनी ती चुलीवरून घातली.