अबोल चित्रकथेचा प्रवास

गणिताच्या शिक्षकांना मोबियसची पट्टी ठाऊक असते: एक पीळ देऊन टोके चिकटवलेली, एकच बाजू असलेली. झाँ जिरो (१९३८–२०१२) या फ्रेंच चित्रकाराने विज्ञान-कल्पनेच्या चित्रांसाठी त्याच गणितज्ञाचे नाव घेतले. घोडेस्वारांच्या चित्रकथांवर मात्र तो 'जिर' अशी सही करी.

१९७५ मध्ये पॅरिसच्या 'मेताल उर्लाँ' या नियतकालिकात त्याची 'आर्झाक' ही मालिका येऊ लागली. तिच्यात संवादाचा एकही फुगा नाही. एक स्वार, त्याचा अवाढव्य पक्षी आणि खाली पसरलेले ओसाड रान. ती समजायला फ्रेंच यायची गरजच नव्हती! जपानच्या हायाओ मियाझाकींनी ती १९८० च्या सुमारास पाहिली, आणि १९८४ चा 'नौसिका' हा ॲनिमेशनपट आपण तिच्या प्रभावाखाली केला, असे पुढे मोकळेपणाने सांगितले.

पण या चित्रपटात उचलले गेले ते नेमके काय? जिरोची रेघ नव्हे. 'आर्झाक'ची पाने बारीक रेघोट्यांच्या छायेने भरलेली आहेत. पडद्यावर सेकंदाला २४ चौकटी सरकतात. एक चित्र दोन चौकटींना वापरले तरी सेकंदाला १२ चित्रे लागतात. तेवढ्या रेघोट्या हाताने पुन्हापुन्हा काढणे अशक्यच, आणि काढल्या तरी त्या जराशा हलून सारे चित्र थरथरते. म्हणून आली ती उंचावरून दिसणारी निर्जन भूमी आणि तिच्यावरचे एकाकी उड्डाण. १९९५ च्या 'पँझर ड्रॅगून' या सेगाच्या खेळातही खेळणारा उडत्या ड्रॅगनवर स्वार असतो. त्याच्या जपानी आवृत्तीच्या वेष्टनावरचे चित्र तर खुद्द जिरोचेच.

रेघेची पाळी नंतर आली. १९८० नंतर जिरोने रेघोट्या कमी केल्या. स्वच्छ बाह्यरेषा आणि आत सपाट रंग ठेवले. लंडनच्या शेडवर्क्सने २०२१ मध्ये काढलेला 'सेबल' हा वाळवंटातला खेळ थेट या चित्रांसारखा दिसतो. इथे हात थकण्याचा प्रश्न नाही. संगणकाला पडद्यावरचा प्रत्येक ठिपका नजरेपासून किती दूर आहे हे माहीत असते. शेजारच्या दोन ठिपक्यांच्या अंतरांत एकदम उडी दिसली, की तिथे वस्तूची कड आहे असे धरून तो रेघ ओढतो. वर्गात खिडकीच्या काचेवर बाहेरच्या झाडाची कड स्केचपेनने गिरवायला सांगा. मुले हेच करतील, फक्त आकडेमोड न करता.